तिसऱ्या मैलाचा दगड

रोमच्या सान सेबास्तियानो दरवाजाशी मी आणि माझा भाचा एका रविवारी सकाळी पोहोचलो, तेव्हा आमच्या हाती जिओकॅशिंग या डबी हुडकण्याच्या खेळातली चार कोडी होती आणि त्यांची उत्तरे बहुतेक येथून निघणाऱ्या प्राचीन आपिया रस्त्याच्या कडेलाच सापडतील एवढा भरवसा होता. वार मुद्दाम निवडला होता. रस्त्याचा सुरुवातीचा भाग अरुंद आहे, दोन्ही बाजूंना उंच भिंती आहेत आणि पायी चालणाऱ्यासाठी वेगळी जागा जवळजवळ नाहीच. रविवारी तेथे खासगी वाहनांना मज्जाव असतो, त्यामुळे भिंतीकडे तोंड करून शिलालेख वाचत उभे राहण्याची चैन करता येते.

जिओकॅशिंगचा साधा प्रकार असा, की कोणीतरी एक डबी लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो, आणि इतरांनी तेथे जाऊन ती हुडकायची, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तशी ठेवून द्यायची. हा खेळ उपग्रहांच्या कृपेने जन्मला. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगॉन राज्यात एक बादली रानात ठेवून तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर जाहीर केला. आम्ही ज्याच्या मागे होतो तो मात्र 'मिस्टरी' प्रकार होता. त्यात नकाशावर दाखवलेला बिंदू खोटा असतो आणि खरा बिंदू कोडे सोडवल्यावाचून मिळत नाही. खोटा बिंदू कितीही लांब टाकता येत नाही. तो खऱ्या डबीपासून दोन मैलांच्या, म्हणजे सुमारे ३.२ किलोमीटरांच्या आत असावा, असा या प्रकाराचा दंडक आहे. तो आम्हा दोघांना पाठ होता, आणि नेमक्या वेळी दोघांनाही आठवला नाही.

ही शोधमोहीम तिच्या कर्त्याने आता मागे घेतली आहे, म्हणून कोडी उघड करण्यात कोणाचा रसभंग नाही. त्याला मी कोडेकार म्हणेन. खोटा बिंदू त्याने या दरवाजावरच ठेवला होता. पहिल्या कोड्यात सात अक्षरांचा एक निरर्थक शब्द होता आणि तो सीझरच्या रीतीने उलगडावा, म्हणजे मोजणी कोणत्या दगडापासून करायची ते कळेल, असे सांगितले होते. दुसरे कोडे अंतराचे: दरवाजातल्या देवदूताचे वर्ष हे रस्त्याला फाटा फुटतो तेथल्या चर्चच्या दर्शनी भिंतीच्या वर्षातून वजा करायचे आणि येतील तितके रोमन फूट चालायचे. तिसरे दिशेचे: या रस्त्यावर अनवाणी जिंकलेल्या माणसाचा आकडा बारा वेळा घ्यायचा, की होकायंत्राचे अंश मिळतात, आणि ते अंश रोमपासून याच रस्त्यावरच्या कापुआ शहरापर्यंतच्या रोमन मैलांइतके आले, तर उत्तर बरोबर समजायचे. चौथे कोडे डबीच्या कुलपाचे होते: ज्या स्त्रीच्या नावाचा दगड रस्त्याकडे तोंड करून उभा आहे, तिच्या शिलालेखातली फक्त आकडे असलेली अक्षरे मोजायची. शेवटी, कोणत्याही प्राचीन दगडाला हात लावण्याची गरज नाही, अशी ताकीद दोनदा लिहिलेली होती. ही ताकीद पाहूनच मला या माणसाविषयी विश्वास वाटला, कारण पडक्या भिंतीच्या सांध्यांत डब्या कोंबणारे महाभागही मी पाहिलेले आहेत.

पहिले कोडे आम्ही दरवाजासमोर उभ्या उभ्याच हाती घेतले. अक्षरे होती वाय, एच, व्ही, वाय, एम, झेड आणि पी. ज्युलियस सीझर आपल्या गुप्त पत्रांत प्रत्येक अक्षराच्या जागी वर्णमालेतले तिसरे पुढचे अक्षर लिहीत असे, अशी नोंद रोमन चरित्रकार सुएटोनियसने केलेली आहे. म्हणजे उलगडताना तीन घरे मागे यायचे. भाच्याने फोनवर क्षणार्धात ते केले आणि व्ही, ई, एस, व्ही, जे, डब्ल्यू, एम असा कोणत्याही भाषेत न बसणारा शब्द माझ्यापुढे धरला.

"मावशी, किल्ली तीनची नसणार," तो म्हणाला, आणि त्याने पंचवीसही किल्ल्या लावून पाहिल्या. एकही लागली नाही.

मला 'जे' आणि 'डब्ल्यू' ही दोन अक्षरे खटकत होती. सीझरच्या काळच्या माणसाने ती लिहिलीच नसती, कारण त्याच्या वर्णमालेत ती नव्हती. 'यू'ही नव्हते, 'उ'च्या उच्चारासाठी रोमन लोक 'व्ही' कोरत. ही तीन वजा केली की तेवीस अक्षरे उरतात. मी वहीत ती तेवीस अक्षरे ओळीने मांडली आणि बोट ठेवून तीन-तीन घरे मागे आले. वायच्या जागी टी आला, एचच्या जागी ई, व्हीच्या जागी आर, पुन्हा टी, मग एमच्या जागी आय, झेडच्या जागी व्ही आणि पीच्या जागी एम. तेर्तिउम. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'तिसरा'. रोमन लोक रस्त्यावरचे ठिकाण सांगताना अमुक क्रमांकाच्या दगडापाशी असे म्हणत, तेव्हा मोजणी तिसऱ्या मैलाच्या दगडापासून करायची, हे उघड झाले. भाच्याने पाठ थोपटली, आणि मी त्या कौतुकात जरा जास्तच रमले असे आता वाटते, कारण पुढचा प्रश्न, तिसरा कोठून, हा मी स्वतःला विचारलाच नाही.

देवदूत शोधायला फारसे श्रम पडले नाहीत. दरवाजाच्या आत, कमानीखालच्या दगडी चौकटीवर, पायाखाली राक्षसी सर्प दाबून उभा असलेला मायकेल रेषांनी कोरलेला आहे. कोरीव काम कसलेल्या हाताचे नाही. चेहरा लहान मुलाने पाटीवर काढावा तसा गोल आहे. शेजारी गॉथिक वळणाचा लेख आहे आणि त्यात वर्ष रोमन आकड्यांत दिलेले आहे. त्या वर्षी मायकेलच्या सणाला, २९ सप्टेंबरला, रोमच्या लोकांनी नेपल्सच्या राजाच्या सैन्याला या वेशीवरून परतवून लावले, त्याची ही आठवण. आकड्यांच्या खाचांत धूळ बसल्यामुळे मी बाजूने विजेरीचा तिरपा झोत टाकला, तेव्हा त्या सावलीने उठून दिसल्या: एम, तीन सी, दोन एक्स, व्ही, दोन आय. म्हणजे १३२७. शिलालेख वाचताना उजेड समोरून न टाकता कडेने टाकावा, ही युक्ती अशा शोधात फोनच्या कोणत्याही ॲपपेक्षा उपयोगी पडते.

दरवाजातून बाहेर पडल्यावर शंभरेक मीटरांवर उजव्या हाताच्या भिंतीत एक खांब बसवलेला आहे. ही पहिल्या मैलाच्या दगडाची प्रतिकृती. मूळ दगड आता कॅपिटोल टेकडीच्या कठड्यावर आहे. वर 'एक' हा आकडा, खाली रस्त्याची डागडुजी करणाऱ्या व्हेस्पेशियन आणि नर्वा या सम्राटांची नावे. मी ती नावे मोठ्याने वाचली, भाच्याने छायाचित्र काढले, आणि दोघेही पुढे निघालो. दरवाजापासून मोजायला आम्ही त्याच्या घड्याळात शून्य लावून ठेवले होते. एक रोमन मैल म्हणजे हजार दुहेरी पावले, सुमारे १,४८० मीटर. तीन मैल म्हणजे ४,४४० मीटर. दरवाजाबाहेर जेमतेम शंभर मीटरांवर पहिला मैल पुरा झाल्याचे सांगणारा दगड डोळ्यांसमोर उभा होता, तरी आमचा शून्य जागचा हलला नाही. तो खांब नंतर कोणीतरी सोयीने तेथे बसवला असावा, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

पुढे आर्देआतिना रस्त्याचा फाटा फुटतो, तेथे 'दोमिने क्वो वादिस' या नावाने ओळखले जाणारे लहानसे चर्च आहे. छळाला भिऊन रोममधून निघून जाणाऱ्या पीटर या शिष्याला येथे ख्रिस्त भेटला आणि पीटर मागे फिरला, अशी आख्यायिका आहे. आत एका संगमरवरी फरशीवर दोन अनवाणी पावलांचे ठसे आहेत. तीही प्रतिकृतीच, मूळ फरशी पुढे सान सेबास्तियानोच्या चर्चमध्ये आहे. दर्शनी भिंतीचे वर्ष १६३७. त्यातून १३२७ गेले की ३१० उरतात. रोमन फूट २९.६ सेंटीमीटरचा, म्हणजे अंतर झाले ९२ मीटरांना थोडे कमी.

त्या पावलांपुढे आमचे वाजले. भाच्याचे म्हणणे असे, की अनवाणी जिंकलेला माणूस म्हणजे ज्याची ही पावले तोच, मरणावर जय मिळवलेला. आणि आकडा दोन, कारण ठसे दोन. दोन गुणिले बारा, चोवीस अंश.

"अरे, चोवीस अंशांवर निघालास तर तू या रस्त्यावरून उलटा रोमकडे जाशील," मी म्हणाले. "आणि कापुआ काय चोवीस मैलांवर आहे?"

"मग तूच सांग, या रस्त्यावर अनवाणी कोण जिंकले?"

उत्तर मला तेथे सुचले नाही. ते सुचले पुढे, रस्त्याच्या काळ्या दगडांवरून चालताना बुटाच्या पातळ तळव्यातून कडा टोचायला लागल्या तेव्हा. १९६०च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन संध्याकाळी सुरू होऊन रात्री संपली होती आणि तिचा मार्ग आपियावरून जात होता. इथिओपियाचे अबेबे बिकिला मशालींच्या उजेडात अनवाणी धावत कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी पहिले पोहोचले. त्यांच्या छातीवरचा क्रमांक होता ११. बारा वेळा अकरा म्हणजे १३२. आणि प्राचीन मोजणीत रोम ते कापुआ अंतर १३२ रोमन मैलच भरते. पडताळा जुळला. १३२ अंश ही जवळजवळ आग्नेय दिशा, म्हणजे रस्ता स्वतः ज्या दिशेने जातो तिच्याच आसपासची. कोडेकाराने अकराला बाराने का गुणायला लावले, ते तेव्हा उमगले, आणि त्याच्या या हिशेबी खोडसाळपणाला मी मनातून दाद दिली. या आकड्याला माझ्या लेखी आणखी एक काळी बाजू आहे. इ. स. पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर पकडलेल्या ६,००० गुलामांना कापुआपासून रोमपर्यंत याच रस्त्याच्या कडेने क्रूसावर चढवले गेले. १३२ मैलांचे सुमारे १९५ किलोमीटर होतात. भागाकार केला, तर दर बत्तीस-तेहतीस मीटरांवर एक माणूस. त्यानंतर काही वेळ आम्ही दोघेही पावले मोजत होतो, पण बोलत नव्हतो.

सान सेबास्तियानोच्या भुयारी दफनभूमीशी आम्ही थांबलो नाही. सम्राट मॅक्सेंटियसच्या रथशर्यतींचे मैदानही भिंतीवरून डोकावून सोडून दिले. तेथला ओबेलिस्क, म्हणजे उंच निमुळता दगडी स्तंभ, आता नावोना चौकातल्या कारंज्यावर उभा आहे, एवढे भाच्याला सांगून झाले. थोड्या चढानंतर चेचिलिया मेतेल्लाचे थडगे आले. चौकोनी जोत्यावर सुमारे तीस मीटर व्यासाचा दगडी नगारा ठेवावा तशी ही वास्तू आहे; वरच्या पट्टीत फुलांचे हार आणि बैलांची मुंडकी कोरलेली आहेत, आणि त्या मुंडक्यांवरूनच या भागाला 'कापो दि बोवे', बैलाचे डोके, असे नाव पडले. मध्ययुगात काएतानी घराण्याने त्याला चिकटून गढी बांधली आणि थडग्याचा बुरूज करून टाकला. रस्त्याकडच्या अंगाला उंचावर संगमरवरी पाटी आहे आणि तिच्यावर तीन ओळी: चेचिलिया मेतेल्ला, क्विंटस क्रेटिकसची मुलगी, क्रॅससची. बस्स. एवढ्या प्रचंड वास्तूत ती कोणाची मुलगी आणि कोणाची बायको याखेरीज तिच्याविषयी एक अक्षर नाही. वडिलांना क्रीट जिंकल्याबद्दल 'क्रेटिकस' ही पदवी मिळाली होती, ती मात्र पाटीवर आहे.

ऊन समोरून येत होते आणि मान मागे टाकून वाचावे लागत होते, म्हणून मी अक्षरे एक-एक करून उच्चारली आणि भाच्याने फोनमध्ये टिपली. आकडे असलेली अक्षरे म्हणजे आय, व्ही, एक्स, एल, सी, डी आणि एम. त्याने हिशेब करून १५५१ असा आकडा सांगितला. मी तो वहीत उतरवला आणि तपासला नाही.

घड्याळात २.९ किलोमीटर झाले होते. आमच्या समजुतीप्रमाणे तिसरा दगड अजून दीड किलोमीटर पुढे होता, म्हणून आम्ही चालत राहिलो. येथून पुढचा रस्ताच खरा आपिया. आपियस क्लॉडियस सीकसने इ. स. पू. ३१२ मध्ये सेन्सॉर या वरिष्ठ पदावर असताना तो कापुआपर्यंत काढला आणि पुढे तो वाढत वाढत इटलीच्या टाचेवरच्या ब्रिंदिसी बंदरापर्यंत गेला. २०२४ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. या भागात काही ठिकाणी मूळ फरसबंदी अजून आहे. एकेक दगड उशीएवढा किंवा त्याहून मोठा, अनेक कोनांचा, शेजारच्याशी असा बसवलेला की सांध्यात गवताला कशीबशी जागा मिळावी. माथा गुळगुळीत, आणि त्यांवर गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. दगड आहे आल्बान टेकड्यांमधल्या ज्वालामुखीचा काळा लाव्हा. भाच्याने कडेपासून कडेपर्यंत टेप लावून रुंदी मोजली, ती चार मीटरांना थोडी जास्त भरली. रोमन रस्तेबांधणीतली चौदा फुटांची रुंदी ती हीच, आणि त्या निमित्ताने आमच्या रोमन फुटाचे माप हातचे तपासून झाले.

४,४४० मीटर झाले तेथे आम्ही थांबलो. दगड नव्हता, पण तो असेलच अशी अपेक्षाही नव्हती. तेथून १३२ अंशांवर ९२ मीटर असा बिंदू फोनमध्ये टाकला आणि शोध सुरू केला. ज्यांनी हा खेळ खेळला आहे त्यांना पुढचे दृश्य सांगायला नको. आम्ही पाइनच्या मुळांत पाहिले, कुंपणाच्या खांबांच्या टोप्या हलवून पाहिल्या, एका आधुनिक सूचनाफलकाच्या मागे हात घातला. कोणी सायकलवाला आला की भाचा बुटाची नाडी बांधायला बसे; चाळीस मिनिटांत त्याने ती इतक्या वेळा बांधली, की पलीकडच्या दगडावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी सहानुभूतीने पाहायला सुरुवात केली. उपग्रहांचा दोष असावा म्हणून आम्ही परीघ पाच मीटरांवरून पंधरावर नेला. दशांश मिनिटांतला हजारावा भाग उत्तर-दक्षिण १.८५ मीटर असतो, पण रोमच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम जेमतेम १.४ मीटर, आणि ॲपने यात घोळ केला असेल का, अशीही एक शंका भाच्याने काढली. माणूस आपली चूक मान्य करण्याआधी यंत्राचे किती दोष शोधून काढतो, याला सीमा नाही.

सापडले नाही अशी नोंद करायला त्याने मोहिमेचे पान उघडले, तेव्हा पडद्यावर खोट्या बिंदूपासूनचे अंतर दिसले. चार किलोमीटरांहून जास्त. त्याने फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "मावशी, ३.२च्या बाहेर आहोत आपण. डबी येथे असूच शकत नाही."

डबी रस्त्याच्या रेषेतच असणार हे दिशेवरून ठरले होते; म्हणजे आम्ही पुढे निघून आलो होतो, आणि किमान एक किलोमीटर तरी. मी वही उघडली आणि भिंतीतला तो खांब आठवला. पहिल्या मैलाचा दगड दरवाजापासून शंभर मीटरांवर असेल, तर शून्य दरवाजात नव्हे, दरवाजाच्या आत शहराकडे जवळजवळ एक मैल असला पाहिजे. आणि होताच. आपिया सुरू होई तो कापेना दरवाजापासून, सर्कस मॅक्सिमसच्या जवळून, शहराच्या जुन्या तटापासून. सान सेबास्तियानोचा दरवाजा ज्या तटात आहे तो सम्राट ऑरेलियनने इ. स. २७१ मध्ये बांधायला घेतला. तोवर रस्त्याला पावणेसहाशेहून अधिक वर्षे होऊन गेली होती आणि त्यावरचे दगड केव्हाच रोवून झाले होते. आम्ही तिसऱ्या शतकातल्या दरवाजात उभे राहून कितीतरी आधीचे मैल मोजत होतो. कापेनापासून मोजले तर तिसरा मैल चेचिलिया मेतेल्लाच्या पायथ्याशी पडतो, जेथे मान दुखेपर्यंत उभे राहून आम्ही पुढे निघून आलो होतो. आणि आम्ही चाळीस मिनिटे घालवली ती जागा चौथ्या दगडाजवळची. सम्राट नीरोचा मरणाचा हुकूम आला तेव्हा तत्त्वज्ञ सेनेका चौथ्या दगडापाशी असलेल्या आपल्या मळ्यावर उतरला होता, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिले आहे. तेथे एका थडग्याला लोक सेनेकाचे थडगे म्हणतातही. चौथा दगड म्हटल्यावर मला सेनेका आठवायला हवा होता. तो आठवला परतीच्या वाटेवर.

दीड किलोमीटर मागे येऊन आम्ही थडग्यासमोर पुन्हा उभे राहिलो. या ठिकाणाहून मोजमाप करणारे आम्ही पहिले नव्हतो. १८५५ मध्ये जेझुइट खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी या थडग्यापासून फ्रात्तोक्किएपर्यंत सुमारे १२ किलोमीटरांची पायारेषा आपियाच्या सरळ ओळीवर दांड्या एकापुढे एक मांडून मोजली होती, कारण सर्वेक्षणाला लागणारी इतकी सरळ, इतकी मोकळी रेषा दुसरीकडे सहज मिळत नव्हती. आम्हाला ९२ मीटर मोजायचे होते, आणि गढीच्या उंच भिंतीमुळे संकेत परावर्तित होऊन फोनमधला बाण आठ-दहा मीटर इकडे-तिकडे नाचत होता. शेवटी भाच्याने फोन खिशात टाकला, होकायंत्रावर दिशा धरून मला पुढे उभे केले आणि टेप तीन वेळा टाकून अंतर भरले. शेवटचे टोक रस्त्याच्या डाव्या अंगाला एका साध्या लोखंडी कुंपणाशी आले.

कुंपणाला किल्ल्या ठेवण्याची छोटी तिजोरी अडकवलेली होती. पाहुण्यांना घराची किल्ली मिळावी म्हणून लोक फाटकाला लावतात, तशीच. चार चाकांची, राखाडी, उन्हाने पिवळटलेली. शेजारून चाललेल्या कोणालाही तिच्यात विशेष काही दिसले नसते. तिच्या खालच्या कडेला मात्र, वाकून पाहिल्यावर दिसेल असा, जिओकॅशिंगचा चार चौकोनांचा हिरवा शिक्का होता. भाच्याने चाके १५५१वर आणली आणि कळ दाबली. कळ दबली नाही. त्याने पुन्हा दाबली, मग मला म्हणाला, की पाटीवरचे एखादे अक्षर मी चुकीचे वाचले असणार.

मी कुंपणाला टेकून वहीत तीन ओळी पुन्हा लिहिल्या. पहिल्या ओळीत सी, सी, आय, एल, आय: शंभर, शंभर, एक, पन्नास, एक, २५२. दुसरीत क्रेटिकसच्या नावात सी, आय, सी, आय: २०२. तिसरीत एम, एल, एल, सी, आय: १,२०१. बेरीज १,६५५. अक्षरे मी बरोबर वाचली होती. भाच्याने ती लिहून झाल्यावर शाळेत शिकवलेला नियम लावला होता, की लहान आकडा मोठ्याच्या आधी आला तर वजा करायचा. त्यामुळे एलच्या आधीचा आय, सीच्या आधीचा आय आणि सीच्या आधीचा एल हे सगळे उणे झाले, आणि एकशेचार कमी भरले. नावातल्या अक्षरांतून संख्या काढण्याच्या जुन्या खेळात असे वजा करत नाहीत, सरळ बेरीज करतात, कारण ती अक्षरे संख्या म्हणून ओळीने लिहिलेलीच नसतात. तो थोडा हिरमुसला. सकाळपासूनची माझी शून्याची चूक एका मैलाची होती, त्यामानाने त्याची एकशेचारची चूक काहीच नव्हती, हे मी त्याला सांगितले, आणि तो हसला.

चाके जुनी होती आणि आकड्यांवर नीट ठरत नव्हती; सहाचे चाक सातकडे घसरे. अंगठ्याने ते दाबून धरून कळ खाली ओढली, तेव्हा दार कुरकुरत उघडले. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लांब अरुंद कागद, एक बोटाएवढी पेन्सिल आणि कोडेकाराने ठेवलेला काळ्या लाव्ह्याचा खडा, ज्याला चिठ्ठी लावलेली होती की हा रस्त्यावरचा नाही, बाजारातून आणलेला आहे, नेऊ नये. आमच्या आधीच्या नावापुढे कोणीतरी वेगवेगळ्या शाईने दोन तारखा लिहिल्या होत्या, पहिली खोडलेली. त्यांनीही बहुधा पहिल्या खेपेस मैल दरवाजापासूनच मोजला असावा. भाच्याने आमची नावे लिहिली, मी तारीख रोमन आकड्यांत घातली, कागद पुन्हा घट्ट गुंडाळला आणि दार लावून घेतले. चाके विस्कटून ठेवायची असतात. त्याने ती विस्कटली, मग थोडा विचार करून एकेक चाक परत फिरवले आणि १५५१वर आणून सोडून दिले.